भागीच्या भारोभार गूळ

माहूरहून येऊन आठ-दहा दिवस झाले. नळावर बाया विचारतात, "कसं झालं गं जाणं? काय काय पाहिलंस?" मी म्हणते, "झालं चांगलं," आणि घागर उचलते. चार माणसांत मला सांगता येत नाही. सांगायला तोंड उघडलं की समोरची आपलंच सुरू करते आणि मी हाव हाव म्हणत राहते. म्हणून दुपारची भांडी झाल्यावर हे लिहायला बसले आहे. ज्या गेल्या नाहीत त्यांना वाचायला होईल. आणि पोरी मोठ्या झाल्या की त्यांनाही कळेल, त्यांच्या आईचे गुडघे कुठं गेले ते.

आमच्या पोरी जुळ्या. राजश्री आणि भाग्यश्री, घरात राजी आणि भागी. सात वर्षांच्या आहेत, दुसरीत जातात. राजी आधी झाली, भागी तिच्या मागून, आणि झाली ती इतकी बारीक की नांदेडच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. राजी माझ्या कुशीत आणि भागी काचेत. माझ्या सासूला मी आत्याबाई म्हणते. त्यांनी तेव्हा काचेला हात लावून माहूरच्या देवीला बोलून ठेवलं, "ही पोरगी आपल्या पायानं तुझा गड चढंल, तवा हिच्या भारोभार गूळ वाटीन."

दरवर्षी जायचं ठरे आणि दरवर्षी राहून जाई. यंदा पावसाळ्यात भागी तापानं पडली, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "बोललेलं फेडलं न्हाई, म्हणून लेकरू भोगून राहिलं." ताप उतरल्याबरोबर त्या स्वतः तिला भुसार दुकानात घेऊन गेल्या, काट्यावर बसवलं आणि तिच्या वजनाच्या गुळाच्या दोन ढेपा बांधून आणल्या. त्या ढेपा दिवाळीपर्यंत फळीवर होत्या. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं, तर पोरींच्या बापाला कापूस वेचायला माणसं नेमकी तेव्हाच मिळाली. आत्याबाईंना उंबरा ओलांडायला भिंत धरावी लागते. राहिले मी.

"तूच जाऊन ये," आत्याबाई म्हणाल्या. "आन ध्यानात ठीव. गडावर भागीला उचलायचं न्हाई. एक पायरीबी न्हाई. पायानं चढली तरच नवस."

मी हाव म्हणाले. माझं माहेर अहमदपूर आणि सासर मुखेड. कधीमधी नांदेडला नणंदेकडं. त्याच्या पलीकडं मी एकटी कधी गेले नव्हते.

पोरी अगदी सारख्या आहेत. समोर उभ्या केल्या तर मी डोळ्यांवरून ओळखते, पण त्या समोर उभ्या कधी राहतात? म्हणून भागीला लाल रिबीन आणि राजीला हिरवी. फारच अडलं तर भागीच्या डाव्या पायावर, बोटांच्या वर, दवाखान्यातल्या सुईचा वण आहे. बाकी घरात ठरलेलंच आहे, राजी दणकट आणि भागी नाजूक. अंडं भागीला, तूप भागीला. गिरणीतून दळण आणायचं राजीनं. चालताना थकली की पाठकुळी भागीनं यायचं. राजीनं "मलाबी" म्हटलं की आम्ही सगळे म्हणतो, "तू काय, तू दणकट हायेस."

मुखेडहून निघताना

एका हातात गुळाची पिशवी, दुसऱ्या हातात कपड्यांची, आणि पोरींना धरायला तिसरा हात नाही. राजीला सांगितलं, भागीचा हात सोडू नको. ती म्हणाली, "तिलाच सांग, माझा हात सोडू नको म्हणून." स्टँडवर पोचेपर्यंत दोघींचं यावरूनच चाललं होतं.

गाडीत जागा मिळाली, पण पिशवी ठेवायला जागा नव्हती. ड्रायव्हरजवळच्या बोनेटवर ठेवली. कंडक्टर आला, पिशवीला हात लावून म्हणाला, "काय हाय यात? धोंडे भरले का?"

"गूळ हाय."

"दुकान टाकायलीस का, बाई?"

"नवसाचा हाय. माहूरला."

"माहूरला गूळ भेटत न्हाई का?"

हे मीही आत्याबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, भेटतो, पण तो भागीच्या वजनाचा कुठं असतो. कंडक्टरला हे कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. मी म्हणाले, "सासूनं दिला." तेवढ्यावर तो गप्प झाला. त्याच्याही घरी कुणी असावं.

मी दोन हाफ तिकिटं मागितली. राजी माझ्याजवळ होती आणि भागी मागच्या खिडकीशी. "एकच तर लेकरू दिसायलं," तो म्हणाला. मी मागं बोट दाखवलं. तो मागं गेला तोवर भागी पुढं आली होती आणि राजी मागं गेली होती. "अरे, हिला आत्ताच पुढं पाहिलं न मी," तो म्हणाला. सगळी गाडी हसायला लागली आणि पोरींना खेळ सापडला. पुढच्या प्रत्येक थांब्याला त्या जागा बदलत होत्या. मी डोळे मिटून घेतले. मारायला उठावं तर जागा जाते आणि कपड्यांच्या पिशवीवर बसलेल्या बाईची झोप मोडते.

अर्ध्या वाटेत ड्रायव्हरनं मान वळवून सांगितलं, "अवो बाई, तुमचा नवस वितळून राहिला."

बोनेट तापलं होतं. वरची ढेप एका बाजूनं पाघळून पिशवीच्या बाहेर आली होती. मी धावले, पदरानं पुसलं, पिशवी मांडीवर घेतली. नांदेडपर्यंत तो ऊन ऊन गूळ मांडीवर होता, आणि दोन्ही बाजूंनी दोन पोरी पिशवीला बोट लावून ते चाटत होत्या. "देवीचा हाय गं," मी म्हणाले. भागी म्हणाली, "खाली पडलेलंच खाऊन राहिलो." राजी म्हणाली, "देवीला पाघळलेला चालत न्हाई."

नांदेड, अक्काच्या घरी

माझी नणंद नांदेडला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. वयानं मोठी आहे, तिला मी अक्का म्हणते. आमच्याकडं दिवसभर दारं उघडी असतात, कोण कुणाच्या चुलीशी बसलं आहे ते सांगता येत नाही. तिथं सगळी दारं बंद. कोणतं आपलं ते ओळखायचं कसं? राजीनं त्याचा सोपा उपाय काढला. खालपासून प्रत्येक दार वाजवत गेली. दार उघडलं की, "आमची अक्का हाय का?" एका घरातल्या म्हाताऱ्या आजोबांनी तिला चिवडा दिला. थोड्या वेळानं भागीनं तेच दार वाजवलं, तर ते म्हणाले, "आत्ताच तर दिला न बेटा." भागी चिडून वर आली.

मग त्यांना लिफ्ट सापडली. एकीनं लिफ्टमध्ये बसायचं, दुसरीनं जिन्यानं पळायचं, आणि तिसऱ्या मजल्यावर आधी कोण पोचतं ते बघायचं. मी अक्काच्या दारात गुळाला लागलेल्या मुंग्या झटकत बसले होते. जिन्यानं पळणारी धापही न टाकता वर यायची, दाराला हात लावायची आणि पुन्हा खाली. तिच्या केसांत रिबीन नव्हती, ती केव्हाच कुठंतरी पडली होती. मी धरून चालले, पळणारी राजी.

"वैनी, मुंग्या माझ्या घरात नको झटकू," अक्का म्हणाली. "पिशवी पाण्याच्या परातीत ठीव."

परातीत पाणी आणि पाण्यात पाटावर गूळ, असा आमचा नवस त्या रात्री अक्काच्या बाथरूममध्ये होता. जेवताना अक्कानं भागीच्या भातावर दोनदा तूप घातलं. "नाजूक लेकरू हाय," म्हणाली. राजीनं आपलं ताट उचललं आणि भागीच्या शेजारी जाऊन बसली. पुढं कुणी कुणाच्या ताटातलं खाल्लं ते मी बघितलं नाही. मला बसल्या जागी डुलकी लागली होती.

सकाळी अक्कानं सुशीला केला होता, भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन, वर शेंगदाण्याचं कूट. वाटेसाठी धपाटे आणि चटणी दिली. निघताना नव्या रिबिनी दिल्या. मी त्या स्वतः बांधल्या, भागीला लाल, राजीला हिरवी, दोन्हींची चांगली पाकळ्या काढून फुलं केली. अक्का मला म्हणाली, "तू लई वाळली, वैनी. तुलाच तूप घालायला पायजे." मी हसले. तेवढ्यात गाडीची वेळ झाली.

माहूरची वाट

नांदेड सोडलं की बराच वेळ आपलंच रान दिसतं. काळी जमीन, बोंडं फुटलेला कापूस, पिवळ्या फुलांवर आलेली तूर. मला वाटलं एवढं लांब येऊन तूरच बघायची का. मग हळूहळू डोंगर आले आणि सागाचं रान सुरू झालं. सागाची पानं सुपाएवढी. काही वाळून लाल झाली होती आणि गाडीच्या वाऱ्यानं रस्त्यावर उलटीपालटी होत होती. आमच्याकडं सावलीला एखादं कडुलिंबाचं झाड. इथं सावलीच सावली आणि खाली बसायला माणूस नाही. मला तिथं उतरून नुसतं बसावंसं वाटलं. पण नुसतं बसणं माझ्या नशिबात त्या दिवशी नव्हतं, कारण वळणं सुरू झाली आणि राजी ओकली.

राजी ओकली, दणकट राजी. मला आधी खरंच वाटेना. मी पिशवी शोधत होते तोवर भागीनं तिचं कपाळ दाबून धरलं होतं, अगदी मी धरते तसं, आणि म्हणत होती, "ओक, ओक. सगळं ओक. मग बरं वाटतं." माझ्या मांडीवर गूळ, त्यामुळं मला उठता आलं नाही. पुढच्या सीटवरच्या बाईनं लिंबू दिलं. राजी लिंबू हुंगत झोपली आणि भागी खिडकीतून माकडं मोजत राहिली.

गड

गडाच्या पायथ्याशी नारळ-ओटीची दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानापुढं तीन वाशांच्या तिकाट्याला मोठा तराजू टांगलेला होता, लेकरू बसेल एवढाली पारडी. दुकानात एक जाडजूड मावशी बसली होती. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "लेकराची तुला करायची का? गूळ देऊ?"

"गूळ आणलाय," मी म्हणाले आणि पिशवी दाखवली.

तिनं पिशवीकडं बघितलं, माझ्या मांडीवरच्या डागाकडं बघितलं. "कुठून आणली माय?"

"मुखेडहून."

"देवी गं," ती म्हणाली. "ठीव हितं. आधी वर जाऊन दर्शन करा, मग तुला करू. कोणाची हाय?"

मी लाल रिबिनीला पुढं केलं. दोन्ही पिशव्या तिथंच ठेवल्या, हातात ओझं नाही म्हणून मला बरं वाटलं, आणि आम्ही चढायला लागलो.

गडाच्या पायऱ्या उंच आहेत. दोन्ही अंगाला फुलंवाले, बांगड्यावाले, सीताफळं घेऊन बसलेल्या बाया. सीताफळं संपत आली होती, पण त्या डोंगरातली म्हणून वास मोठा गोड. माझं लक्ष कशातच नव्हतं. मी फक्त लाल रिबीन बघत होते. चालते आहे का, थकली का, बसली का. दरवेळी "पाय दुखले" म्हणाली की मी खाली बसते आणि ती पाठीवर येते, ही सात वर्षांची सवय. इथं मला माझीच भीती वाटत होती की मी न कळत वाकेन.

वाकले मी, पण हिरव्या रिबिनीसाठी. थोडं चढल्यावर राजी पायरीवर बसली. "माझे पाय दुखले."

"तू दणकट हायेस," मी म्हणाले.

"मी सकाळी ओकले."

हे खरं होतं.

"भागीला आज उचलायचं न्हाई," राजी म्हणाली, "मग तुझी पाठ रिकामीच हाय न."

मी वाकले. ती पाठीवर आली, गळ्याला मिठी मारली आणि कानाशी एवढंच म्हणाली, "हितून लई लांबचं दिसतं." लाल रिबीन पुढं चालत होती. चालत होती म्हणजे एकेक पायरी सोडून उड्या मारत होती. मनात आलं, देवीचीच कृपा.

मधल्या टप्प्यावर मी राजीला उतरवलं आणि पाणी प्यायला बसले. सीताफळवालीशी दोन शब्द बोलले, डोळे जरा मिटले. पोरी टोपल्यांच्या मागं काहीतरी कुजबुजत होत्या. उठले तर हिरवी रिबीन पुन्हा, "आई, अजून थोडं." मी म्हणाले, "आता बस." ती म्हणाली, "मग कवा?" मी पुन्हा वाकले. या वेळी ती जास्त जड वाटली, पण चढणीला सगळंच जड वाटतं. लाल रिबीन माझ्या शेजारून चालली होती, गुपचूप.

वर दर्शन चांगलं झालं. गर्दी होती, पण ढकलाढकली नव्हती. देवीचं तोंड शेंदरी, मोठं, डोळे तर थेट आपल्याकडं. मी आत्याबाईंच्या नावानं ओटी भरली, भागीला पायाशी घातलं आणि सांगितलं, ही बघ, पायानं आली. तिथं प्रसादाला कुटलेला विडा देतात, तांबूल म्हणतात. आमच्याकडं देवाला साखर-फुटाणे. पोरींनी तो विडा चावून दोन्ही हातांवर थुंकून बघितला की आपण किती रंगलो, आणि मग त्याच हातांनी माझं लुगडं धरलं. गुळाचे डाग एका बाजूला होते, विड्याचे दुसऱ्या बाजूला झाले.

तराजू

खाली आलो तेव्हा मावशीनं पारडं पुसून ठेवलं होतं. एका पारड्यात दोन्ही ढेपा, दुसऱ्यात फडकं टाकून भागीला बसवलं. पारडं हललं तशी भागीनं साखळ्या घट्ट धरल्या आणि डोळे मिटून तोंड वाकडं केलं. मावशीनं हात काढला.

भागी खाली गेली आणि गूळ वर गेला.

"कमी हाय," मावशी म्हणाली.

"कमी कसा? हिच्याच वजनाचा आणलाय. काट्यावर बसवून."

"काटा तुमचा, तराजू देवीचा," मावशी म्हणाली. "कमी हाय."

नवसाचा गूळ कमी पडला हे मी घरी कोणत्या तोंडानं सांगू? आधी वाटलं, बोनेटवर पाघळला तो. मग वाटलं, पोरींनी चाटला तो. पण असं चाटून किती जाईल? गूळ चांगला हातभर वर होता. आणि मग एकदम सुचलं, पारड्यात राजी आहे. जागा बदलायच्या, रिबिनी बदलायच्या, दिवसभर यांचं तेच चाललं आहे. भागी भिते म्हणून राजी बसली. मी भर बाजारात खाली बसले आणि पारड्यातल्या पोरीचा डावा पाय ओढला. लोक बघत होते. मला लाज वाटत होती, पण सोडला नाही. पायावरची धूळ थुंकी लावून पुसली.

वण होता. भागीच होती.

"काय झालं?" मावशीनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. "लेकरू आमचंच हाय."

मावशीनं आपल्या दुकानातले गुळाचे खडे टाकले. तरी पुरेना. शेजारच्या दुकानदारानं बत्तासे टाकले. तेलंगणाकडून आलेल्या एका बाईला आमचं बोलणं कळत नव्हतं, पण वर गेलेलं पारडं कळत होतं. तिनं आपल्या पिशवीतून केळ्यांची फणी काढून गुळावर ठेवली आणि भागीच्या गालाला हात लावून पुढं गेली. तेव्हा कुठं पारडं सरळ झालं. मी आपली हात जोडून उभी. एवढ्या अनोळखी माणसांनी माझ्या लेकराच्या वजनात भर घातली.

तेवढ्यात राजी रडायला लागली. "मलाबी बसायचं हाय. सगळं हिलाच."

"बस की," मावशी म्हणाली. तिनं गूळ-केळी काढून परातीत ठेवली आणि राजीला उचलून गुळाच्या पारड्यात बसवलं. एकीकडं राजी, दुसरीकडं भागी. तराजू थोडा वरखाली झाला आणि थांबला. भागीचं पारडं खाली होतं. अगदी बोटभर, पण खाली.

राजीचं रडणं थांबलं. "आई," ती म्हणाली, "भागी माझ्यापेक्षा जड हाय."

मी त्या दोघींकडं बघत राहिले. चांगल्या भरलेल्या पोटऱ्या, तांबूल लागलेली तोंडं. पावसाळ्यात जिला काट्यावर बसवलं होतं ती ही नव्हेच. रोज उचलून घेते, मग ती भरली हे मला कळलं कसं नाही? आणि अशा समोरासमोर बसल्या म्हणून मला आणखी एक दिसलं. दोघींच्या रिबिनींना नुसत्या गच्च गाठी होत्या. मी सकाळी फुलं बांधली होती.

"रिबिनी कुणी सोडल्या?"

मग भागी राजीकडं बघायला लागली, म्हणजे राजीनंच सांगायचं असं त्यांच्यात ठरलेलं असतं.

"पाणी प्यायला बसलो न," राजी म्हणाली, "तिथं बदलल्या. मग वर बदलल्या."

"का गं?"

"मला घेतलंस न पाठीवर. मग भागी म्हणाली, तिची रोजची बारी हाय, आज का न्हाई. मग मी तिला माझी रिबीन दिली. अर्धा अर्धा गड."

मी तिथंच दुकानाच्या फळीवर बसले. दुसऱ्या वेळी पाठीवर होती ती भागी. तिला मीच वर नेलं होतं. आणि देवीच्या समोर सांगून आले होते, पायानं आली.

मावशीला सगळं कळलं होतं. हसून तिचे डोळे भरले होते. "जाऊ दे माय. तुला मुद्दाम करायचं नव्हतं. देवीला कळतं."

"देवीला कळतं," मी म्हणाले, "पण आत्याबाई विचारतील."

घरी जाऊन हाव म्हणता आलं असतं. पण काचेच्या पेटीपाशी त्या दिवसभर उभ्या असायच्या, जेवायलाही खाली येत नव्हत्या. त्यांच्यासमोर मला ते हाव म्हणता आलं नसतं. ऊन उतरलं होतं. मी उठले, दोघींच्या रिबिनी सोडून कमरेला खोचल्या आणि भागीच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला लाल रिबीन बांधली.

"चल," मी म्हणाले. "पुन्हा."

मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "पळत जाऊ का?"

भागी पळतच गेली. राजी तिच्या मागं, "मी बघते, कुणी उचललं तर सांगते," म्हणत. मी त्यांच्या मागं. सकाळपासून जे अंगावर घेऊन चढले होते ते सगळं आता गुडघ्यांत उतरलं होतं. मधल्या टप्प्यापर्यंत आले आणि बसले. सीताफळवाली म्हणाली, "बाई, तुम्ही मघा आल्त्या न?" मी मान हलवली. वर बघितलं तर भागी पार वरच्या कमानीत उभी होती, एवढीशी दिसत होती, आणि हात हलवत होती. अक्काच्या इमारतीत जिन्यानं पळणारी कोण होती ते मला तेव्हा कळलं.

मला वर जायलाच हवं होतं. मी बघितल्याशिवाय सांगणार काय? पण उठवेना. दोघी धडाधडा खाली आल्या. भागीनं माझा एक हात धरला, राजीनं दुसरा.

"उठ, आई. थोडंच राहिलं."

"थांबा गं. हिचा हात धरला तर चालतं का?" मला खरंच शंका आली. "हात धरून चढवलं असं होईल."

राजीनं विचार केला. "ती तुला ओढून राहिली. तू तिला न्हाई. चालतं."

मग चाललं. दोघींनी मला ओढत वर नेलं. एक बाई वरून उतरत होती, ती म्हणाली, "आईचा नवस हाय का?" पोरी म्हणाल्या, "हाव."

घरी

एक रात्र माहूरला भक्तनिवासात काढली. गूळ, केळी, बत्तासे सगळं पायथ्याशीच वाटलं. वाटताना राजीनं कुणाला किती द्यायचं ते ठरवलं आणि भागीनं परात धरली. परतीच्या गाडीत मी एवढी झोपले की नांदेड कधी आलं ते कळलं नाही. अक्काकडं चहा पिऊन दुसरी गाडी, आणि दिवेलागणीच्या आधी मुखेड.

आत्याबाई दारातच बसल्या होत्या. पाणीही दिलं नाही, आधी विचारलं, "पायानं चढली का?"

"पहिल्या बारीला अर्धी पाठकुळी झाली," मी म्हणाले. "म्हणून दुसऱ्यांदा चढली. सगळी. पायानं."

"म्हंजे एका दिवसात दोनदा गड चढली?"

"हाव. आन वरून मला घ्यायला खाली आली."

"आन गूळ?"

"कमी पडला."

मला वाटलं आता बोलतील. त्यांनी भागीला जवळ बोलावलं. दंड दाबून बघितले, पोटरी दाबून बघितली, बाजारात शेळी बघावी तशी. भागी गुदगुल्या होऊन हसत होती. आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि आत बोट दाखवलं.

"जवारीचं दळण काढून ठुलंय. उद्यापासून भागी नेईल गिरणीत."

भागीचं हसणं थांबलं. "आजी, माझे पाय लई दुखले."

"दुखू दे," राजी म्हणाली. "मग बरं वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होते. आतून एक पोरगी दळणाचा डबा कमरेवर घेऊन बाहेर आली आणि गिरणीच्या वाटेला लागली. तिच्या केसांत लाल रिबीन होती, गच्च गाठ मारलेली. दुसरी दारात उभी राहून तिला वाट सांगत होती.

मी पायावरचा वण बघायला उठले नाही.